जन्मांध कालवड कशी वाढवावी? अनुभव सांगा

माणदेशी_गोठा | २५ ऑगस्ट २०१९

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता यायचा नाही.

आम्ही माण तालुक्यातले. अडीच एकर रान, त्यातलं एकरभर विहिरीवर भिजतं, तेही विहिरीला पाणी असलं तर. दोन संकरित गाया, एक म्हातारी म्हैस, चार शेळ्या. घरात मी, मालक, सासूबाई आणि दोन पोरं. दुधावर किराणा आणि पोरांच्या शाळेचा खर्च चालतो.

आमची हरणी ५ जुलैला व्याली. तिसरं वेत. कालवड झाली, तांबडी, कपाळावर पांढरा चांद. वार वेळेवर पडली, चीकही भरपूर होता. पण कालवड कासेला लागेना. हरणी चाटायची, हंबरायची. कालवड आवाजाच्या रोखानं यायची आणि आईच्या पुढच्या पायांत घुसायची, नाहीतर गव्हाणीच्या कोपऱ्याला तोंड लावून दगड चोखत राहायची. आम्हाला वाटलं अशक्त आहे. मी तोंडात सड देऊन पाजत राहिले. आठवड्याभरानं सासूबाई म्हणाल्या, "अगं, माशी डोळ्याम्होरं आली तरी हिची पापणी मिटत न्हाय. माशी बसल्यावरच मिटती."

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बॅटरी मारून बघितली. डोळ्यातली बाहुली मोठी आहे आणि उजेडात आकसत नाही. दोन्ही डोळे गेलेले, जन्मापासूनच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हरणीच्या चाऱ्याचा. काय सांगणार? गेल्या पावसाळ्यात इकडे पाऊस झालाच नाही. दिवाळीपासून जुना काळा पडलेला कडबा विकत आणून घातला, मार्चपासून जनावरं चारा छावणीत. तिथे ऊस आणि वाळली वैरण. हिरवं गवत हरणीनं पोटात वासरू असताना जवळजवळ पाहिलंच नाही. डॉक्टर म्हणाले, 'अ' जीवनसत्त्व कमी पडून असं होऊ शकतं, खात्रीनं सांगता येत नाही. आई आणि वासरू दोघींना इंजेक्शन दिलं, पण वासराची नजर येईल अशी आशा धरू नका म्हणाले.

तिचं नाव मैना ठेवलंय. डोळे इतके सुरेख आहेत की पाहुण्याला सांगितलं तर पटत नाही. घरात मात्र ताण आहे. दीर म्हणतात पांजरपोळात पोचवून ये. मालक काहीच बोलत नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला जास्त लागतं. मला तिला ठेवायची आहे. कालवड आहे, पुढं दूध देईल. पण नुसत्या मायेवर अडीच एकरात जनावर पोसलं जात नाही हेही मला कळतं.

कुणी आंधळं वासरू वाढवलंय का? दाव्याला बांधून ठेवायचं की मोकळं सोडायचं? मोठी झाल्यावर भरवता, म्हणजे गाभण करता येते का? तिचं वासरूही आंधळं होईल का?

गोठ्यातला_डॉक्टर | २५ ऑगस्ट २०१९

ताई, सगळं नीट लिहिलंत, त्यामुळे बोलता येतं.

आधी वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. नुकतं जन्मलेलं वासरू डोळ्यापुढे हात नेला तरी पापणी मिटत नाही, त्याला दिसत असलं तरीही. ते शिकायला त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी 'आंधळं' असा शिक्का मारू नये. शिवाय हात जोरात नेला की वाऱ्याची झुळूक पापणीला लागते आणि आंधळं जनावरही डोळा मिटतं. म्हणून कापसाचा छोटा बोळा डोळ्यासमोरून अलगद खाली सोडायचा. आवाज नाही, वारा नाही. दिसत असेल तर मान किंवा कान हलतो. बाहुली बॅटरीच्या उजेडात आकसते का हे मात्र पहिल्या दिवसापासून बघता येतं.

बाहुली मोठी आणि स्थिर असेल तर दोष बहुधा डोळ्याच्या पडद्यात किंवा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. बाहुलीत पांढरं दिसत असेल तर मोतीबिंदू. आणि हे तिसरं लक्षात ठेवाच: नजर चांगली असलेलं वासरू दोन-चार महिन्यांचं झाल्यावर एकाएकी आंधळं झालं, भिंतीला डोकं टेकून उभं राहू लागलं, पण बाहुली मात्र आकसते आहे, तर बिघाड मेंदूत आहे. 'बी-१' जीवनसत्त्वाची कमतरता किंवा शिशाची विषबाधा. गाडी-ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या गोठ्याजवळ टाकलेल्या असतात, वासरं त्या चाटतात. अशा वेळी उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर आणा. 'बी-१' ची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर नजर परत येऊ शकते.

मैनेचं तसं दिसत नाही. गाईला 'अ' जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून मिळतं. उन्हात वाळून महिनोन्‌महिने पडलेल्या कडब्यात ते फार थोडं उरतं. गाय यकृतातल्या साठ्यावर काही महिने काढते, मग साठा संपतो. पोटातल्या वासराला कमी पडलं की कवटीचं हाड नीट घडत नाही, डोळ्याची नस ज्या भोकातून जाते ते अरुंद होतं आणि नस दाबली जाते. दाबून मेलेली नस औषधानं जिवंत होत नाही. तेव्हा डोळ्यात घालायच्या थेंबांवर एक रुपयाही खर्च करू नका.

गर्भारपणात गाईला होणाऱ्या काही विषाणूंच्या आजारांमुळे आणि क्वचित आनुवंशिक दोषानंही असं होतं. हरणीला ज्या वळूचं रेतन केलं त्याचा क्रमांक रेतन करणाऱ्याकडून लिहून घ्या. तो वळू मैनेला किंवा हरणीला पुन्हा वापरू नका. मैनेच्या आंधळेपणाचं कारण चाऱ्याची कमतरता हेच असेल, तर तिच्या पोटी आंधळं वासरू येण्याचं कारण नाही.

दुसरी गाय गाभण आहे का? असेल तर तिला आजपासून हिरवं चालू करा. शेवरी, लसूणघास, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते. मैनेच्या डोळ्यांपेक्षा आता हे महत्त्वाचं आहे.

बाकी बेंबी, जंताचं औषध, लसी सगळं इतर वासरांसारखंच. फक्त शिंगं येऊ देऊ नका. पंधरा-वीस दिवसांची असतानाच शिंगाचं मूळ जाळून घेतात, तुमचा वेळ थोडा गेलाय, पण डॉक्टरांना विचारा, भूल देऊन अजून होईल. आंधळं जनावर दचकलं की मान झटकतं. तिच्या मनात काही नसतं, तुमच्या बरगडीत शिंग जातं.

हिशेब_वही | २६ ऑगस्ट २०१९

ताई, राग मानू नका. मी संगमनेरकडचा, बारा गायांचा गोठा आहे. संकरित कालवड पहिल्यांदा व्यायला अडीच-तीन वर्षं घेते. तोवर दूध, पेंड, वैरण, औषध सगळं आपल्या खिशातून. धडधाकट कालवडीचाही हा खर्च जेमतेम निघतो. त्यात तुमचा तालुका दुष्काळी. पुढच्या वर्षी पुन्हा छावणी लागली तर आंधळं जनावर छावणीत कसं न्याल? तिथल्या शेकडो जनावरांच्या गर्दीत ती भेदरून जाईल. मी तीन वर्षांपूर्वी पायानं अधू वासरू हट्टानं ठेवलं होतं. शेवटी ते माझ्या डोळ्यांदेखत झिजून गेलं आणि त्याचे हाल माझ्या हट्टामुळे झाले असं मला अजून वाटतं. ठेवायची तर छावणीच्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधून ठेवा, एवढंच सांगणं.

कळसूबाईच्या_पायथ्याशी | २६ ऑगस्ट २०१९

आमच्याकडे डांगी जनावरं, अकोले तालुका. माझ्या आज्याचा एक बैल सहाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांनी गेला. आधी एका डोळ्यात फूल पडलं, मग दुसऱ्यात. भातखाचरात चिखल करायला तोच बैल पुढं नऊ वर्षं चालला. आज्यानं दोनच गोष्टी सांभाळल्या. त्याला कायम डाव्या अंगाला जुंपायचा आणि जोडीदार बदलायचा नाही. जोडीदाराच्या खांद्याच्या हिसक्यावरून त्याला बांध कळायचा, वळण कळायचं. परक्या माणसानं कासरा धरला की पाऊल उचलायचा नाही. आज्या लांबून "हाँ राजा" म्हणाला की कान त्याच्याकडं.

जोडीदार गेला तेव्हा नवा बैल आणला. आंधळ्यानं त्याला हुंगलं आणि मान फिरवली. त्यानंतर तो औताला चालला नाही. आज्यानं त्याला मरेपर्यंत दारात ठेवला.

ताई, मैनेला एक सोबती द्या आणि ती सोबत मोडू नका.

माणदेशी_गोठा | २८ ऑगस्ट २०१९

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर मालकांना वाचून दाखवलं. दुसरी गाय चार महिन्यांची गाभण आहे. काल त्यांनी स्वतः जाऊन शेजारच्या बांधावरून शेवरीचा भारा आणला. आठ दिवसांत पहिल्यांदा ते या विषयावर काही बोलले: "हिची तरी नीट व्हायला पायजे."

हिशेब_वही दादा, राग कशाचा. छावणीचा प्रश्न मी सोडून दिला होता, तो तुम्ही पुढ्यात ठेवलात. उत्तर अजून माझ्याकडे नाही.

ऐकणारा | २९ ऑगस्ट २०१९

मी स्वतः जन्मांध आहे. फोन मला हा धागा वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या. गुरांचं मला फारसं कळत नाही, लहानपणी मामाच्या गोठ्यात खेळलोय तेवढंच. पण न दिसता वावरायचं कसं हे कळतं, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, वस्तू हलवू नका. डोळस माणूस खुर्ची सहज चार बोटं सरकवतो आणि विसरून जातो. माझ्या नडगीवरच्या खुणा त्याच्याच आहेत. पाण्याची बादली, गव्हाण, दावणीचा खुंटा, शेणाची पाटी, सगळ्याची जागा ठरवा आणि घरातल्या लहान पोरांनाही सांगा.

दुसरी, अंगाला हात लावायच्या आधी आवाज द्या. आणि तो रोज तोच असू द्या.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पाऊस. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माझ्यासाठी सगळं घर नाहीसं होतं. कोण कुठे आहे, दार कोणत्या बाजूला आहे, भिंत किती लांब आहे, हे मी आवाजांवरून ओळखतो आणि ते सगळे आवाज पावसाखाली बुडतात. तुमच्या गोठ्याला पत्रा असेल तर जोराच्या पावसात मैना घाबरेल. तुम्हाला वाटेल गडगडाटाला घाबरली. तसं नसेल. त्या वेळी तिच्या अंगाला अंग लागेल असं कुणीतरी हवं.

चौथी, पायाखालची जमीन. मला फरशी, माती, खडी यांतला फरक चपलेतूनही कळतो. जिथं तिनं थांबावं असं वाटतं तिथं जमीन बदला.

आणि तिच्यासाठी फार हळहळू नका. तिनं उजेड पाहिलेलाच नाही, त्यामुळे तो गेल्याचं दुःख तिला नाही. तिला भीती वाटेल ती फक्त अनोळखी गोष्टींची.

गोठ्यातला_डॉक्टर | २९ ऑगस्ट २०१९

ऐकणारा, पत्र्यावरच्या पावसाचं हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. आंधळ्या म्हशी पावसात बावचळलेल्या पाहिल्यात आणि विजेलाच दोष दिला. मनापासून आभार.

यात थोडी भर. गुरांना आपल्यापेक्षा फार वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, गाईचा ३५ पर्यंत जातो. वास तर विचारूच नका. त्यामुळे मैनेकडे आपल्या अंदाजापेक्षा जास्त माहिती पोचत असणार. फक्त एक उलटी बाजू: आवाज नेमका कुठून आला हे ठरवण्यात गुरं माणसापेक्षा कच्ची असतात. एकदा हाक मारून थांबू नका, ती पोचेपर्यंत बोलत राहा.

आर्वीची_मावशी | ३१ ऑगस्ट २०१९

आमच्या इकडं गवळाऊ गायी. आमची एक गाय डोळ्यानं गेली ते आमच्याच चुकीनं, म्हणून सांगते. पावसाळ्यात डोळ्यातून पाणी गळत होतं, माश्या बसत होत्या. कोणी सांगितलं मीठ टाका, कोणी सांगितलं तंबाखू चघळून त्याची पिचकारी मारा. आम्ही दोन्ही केलं. बुबुळाला जखम झाली, फूल पडलं, डोळा गेला. मग डॉक्टरनं सांगितलं, माशीतून पसरणारा साधा संसर्ग होता, मलमानं बरा झाला असता. हात जोडून सांगते, जनावराच्या डोळ्यात घरचं काही टाकू नका.

बाई, तुमच्या मैनेचे डोळे दिसत नसले तरी रोज पुसत जा. तिला माशी दिसत नाही, ती मान झटकणार नाही. डोळ्याला जखम झाली तर दुखणं तेवढंच राहतं.

माणदेशी_गोठा | ३ नोव्हेंबर २०१९

दिवाळी झाली, धागा वर काढते आहे. यंदा परतीचा पाऊस एवढा पडला की विहीर काठोकाठ भरली. बाजरी गेली, पण बांधावर हिरवं गवत आहे आणि आम्हाला तेच मोठं वाटतं.

मैना चार महिन्यांची झाली. काय काय केलं ते लिहिते.

तिला आम्ही दाव्याला बांधत नाही. गोठ्याच्या मागं दहा बाय पंधरा फुटांचा कप्पा केला, बांबू आडवे बांधून. तारेचं कुंपण मुद्दाम टाळलं. काट्याची तार आधी अंगात शिरते, मग कळते. पहिल्या दिवशी मालकांनी तिला मानेवर हात ठेवून कप्प्याच्या कडेकडेनं चालवलं, चार-पाच फेऱ्या. दुसऱ्या दिवशी ती आपली आपण चालली, उजवं अंग बांबूला घासत. तिसऱ्या दिवशी मधूनच पाण्यापर्यंत गेली. पाण्याच्या टपाभोवती हातभर रुंदीची वाळू पसरली आहे. वाळूत पाय पडला की मान खाली घालते.

सोबतीला शेळी दिली. चार शेळ्यांतली काळी शांत आहे, तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. मैना घुंगराच्या मागं जाते. शेळी बसली की तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसते. पावसात दोघी एकाच कोपऱ्यात असतात. ऐकणारा भाऊ, पहिल्या जोराच्या पावसात मी मुद्दाम जाऊन बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच होतं. ती ओरडत नव्हती, पळत नव्हती, एका जागी चारी पाय रोवून थरथरत उभी होती. मी अंगाला अंग लावून बसले तेव्हा पाय सैल सोडले.

आता चूक. दसऱ्याच्या सुमारास रानात पाइपलाइनसाठी चर खणला, दोन फूट खोल. गोठ्यापासून बांधापर्यंतची वाट मैनेला पाठ झाली होती, मी रोज सकाळी तिला त्या वाटेनं न्यायचे. चर वाटेला आडवा गेला. मला माहीत होतं, मी आठवणीनं तिला धरून पलीकडं घेणार होते. तेवढ्यात दूधवाला आला, मी वळले, आणि ती रोजच्या सवयीनं चालत गेली. पुढचे दोन्ही पाय चरात, गुडघे सोलले, ओठ फाटला. हाड मोडलं नाही हे नशीब. त्यापेक्षा वाईट हे की पुढचे पंधरा दिवस ती त्या वाटेवर पाऊल टाकेना. माझ्या आवाजावर तिचा भरवसा होता, तो माझ्यामुळे गेला. पुन्हा गुळाचा खडा हातात धरून दोन-दोन पावलं करत आणावी लागली.

एक विचारायचं आहे. विहिरीला कठडा नाही. मोटार चालू झाली की पाण्याचा आवाज येतो आणि मैनेचे कान तिकडं जातात. तहानलेली असली तर ओढ घेते. मला रात्री झोप लागत नाही.

कळसूबाईच्या_पायथ्याशी | ३ नोव्हेंबर २०१९

ताई, कठडा होईपर्यंत तिला त्या अंगाला नेऊच नका. आमच्या वाडीत डोळस म्हैस विहिरीत पडलेली आहे. बाभळीचे खांब चार-चार फुटांवर रोवून आडवे वासे ठोका, उद्याच. सिमेंटचं नंतर बघा. आणि काठापासून आठ-दहा फुटांवर मोठ्या खडीचा पट्टा टाका. खडी खुराला टोचते, कुठलंच जनावर खुशीनं त्यावरून जात नाही.

ऐकणारा | ४ नोव्हेंबर २०१९

आणि तिला त्या आवाजाशी पाणी जोडू देऊ नका. मोटार चालू करायच्या आधी तिला कप्प्यात पोटभर पाणी पाजा, रोज. म्हणजे आवाज येईल तेव्हा तहान नसेल.

चरात पडल्याबद्दल फार मनाला लावून घेऊ नका. मी माझ्या आईबरोबर चालताना दोनदा गटारात पडलोय. आईचा हात मी सोडला नाही.

माणदेशी_गोठा | १४ जून २०२०

कठडा झाला. बाभळीचे खांब आणि खडी, सांगितलं तसंच. मालकांनी एकट्यानं चार दिवसांत केला.

लॉकडाऊनमध्ये दुधाला १८ रुपये दर मिळाला. पेंड परवडेना. हिशेब_वही दादांची त्या दिवसांत फार आठवण झाली. मैनेची पेंड बंद केली, पण हिरवं कमी पडू दिलं नाही. बांधावर शेवरी लावली आहे, एकरातले पाच गुंठे हत्ती गवताला दिले. मुरघासाच्या दहा पिशव्या भरून ठेवल्या. छावणीला माझं उत्तर हेच आहे, दादा: जायची वेळच येऊ नये इतका चारा साठवायचा. दोन वर्षं ओळीनं पाऊस गेला तर पुरणार नाही, हेही मला माहीत आहे.

दुसरी गाय व्याली, गोऱ्हा झाला, नजर चांगली आहे.

हिशेब_वही | १५ जून २०२०

ताई, पिशव्या वर्षभर टिकतात, उंदरांपासून सांभाळा. भोक पडलं की आतला घास काळा पडतो, तसला गाभणीला अजिबात घालू नका. मीही यंदा बांधावर शेवरी टोकली. तुमचा धागा घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

माणदेशी_गोठा | २३ मे २०२१

मैना माजावर आली ती फेब्रुवारीत. तेव्हा भरवली नाही, अंग भरलं नव्हतं. परवा रेतन केलं. खोड्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीत, घालायची मला धास्ती होती. म्हणून महिनाभर आधीपासून रोज खोड्यात नेऊन तिथंच हिरवं घालत होते. त्या दिवशी ती आपण होऊन शिरली. रेतन करणाऱ्यानं आधी लांबून हाक दिली, मग पाठीवर हात, मग पुढचं काम. मी सांगितलं होतं तसं सगळं केलं त्यांनी. वळूचा क्रमांक वहीत लिहिला आहे, हरणीचा तो नव्हे.

काळी शेळी अजून आहे. म्हातारी झाली आहे. तिची पाट, म्हणजे तिची लेक, त्याच कप्प्यात वाढवते आहे, घुंगरू बांधून, म्हणजे सोबत एकदम तुटणार नाही.

कळसूबाईच्या_पायथ्याशी | २३ मे २०२१

हे आज्याला सुचलं असतं तर.

माणदेशी_गोठा | २ मार्च २०२२

मैना २६ फेब्रुवारीला पहाटे व्याली. कालवडच. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितली, बाहुली आकसते. कापसाचा बोळा दोन आठवड्यांनी टाकून बघणार आहे, पण सासूबाईंनी आपला निकाल आजच दिलाय, "बघती ही, टकामका बघती."

व्याल्यावर मैना उठली, मागं वळली आणि हुंगत हुंगत वासराला गाठून चाटायला लागली. अर्धा तास चाटत होती. तिला कुणी काही शिकवलेलं नाही. मालक गोठ्याच्या दारात उभे होते, आत आले नाहीत.

पान्हा चांगला आहे. काल सकाळ-संध्याकाळ मिळून, वासराचं सोडून, सहा लिटर निघालं. पहिलारू आहे, वाढेल.

अडचण वेगळीच आली. वासरू डोळस आहे, ते हुंदडत लांब जातं आणि आवाज करत नाही. मैना हंबरत कप्पाभर फिरते, बांबूंना धडकते. काल कपाळ सोलून घेतलं. मग मी काळ्या शेळीच्या गळ्यातलं घुंगरू सोडून वासराच्या गळ्यात बांधलं. शेळी आता कुठं जात नाही, बसूनच असते. मैना घुंगराच्या रोखानं कान करून उभी राहते आणि रवंथ करते.

गोठ्यातला_डॉक्टर | २ मार्च २०२२

ताई, फार आनंद झाला. घुंगराची दोरी सैल ठेवा, दोन बोटं आत गेली पाहिजेत, आणि दर पंधरा दिवसांनी बघा. वासराची मान भराभर वाढते. आणि मैनेला धारेची बाजू ठरवून द्या. धारेला रोज त्याच बाजूनं बसा.

माणदेशी_गोठा | ३ मार्च २०२२

उजव्या बाजूनं बसते, डॉक्टरसाहेब. बसायच्या आधी नाव घेते. दोरी आजच सैल केली.